बंद होतानाची भीती

पहिल्यांदा मॉड्यूल फुटलं तेव्हा मी त्याच्यावर वाकून बघत होते. आणखी थोडी वाकले असते तर डोळे गेले असते, असं सर म्हणाले. ते काय म्हणाले हे मला त्यांच्या ओठांवरून कळलं, कारण माझ्या कानांत नुसती शिट्टी वाजत होती. काळ्या प्लास्टिकचं झाकण माझ्या गालाजवळून उडालं आणि मागच्या भिंतीवर आदळलं. टेबलावर काजळी, खोलीत घशात अडकणारा करपलेला वास, आणि मी टेबलाखाली, दोन्ही हात कानांवर दाबून. टेबलाखाली मी कशी गेले हे मला आजही सांगता येणार नाही.

तेव्हा मी यवतमाळला एमआयडीसीजवळच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये काम करत होते. पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा नुकताच झाला होता. रोज सकाळी घाटंजीहून जीपने यायचे, संध्याकाळी जीपनेच परतायचे. सर पन्नाशीचे होते. त्यांच्या घरात सगळी कचेरीतली माणसं, कोणी कोर्टात, कोणी तहसिलीत. हे एकटेच पुण्याच्या कारखान्यात मोटरचे ड्राइव्ह बनवायला शिकले, आणि वडील अंथरुणाला खिळले तेव्हा सगळं सोडून परत आले. वर्कशॉपमध्ये आम्ही दोघंच.

ड्राइव्ह म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणारी पेटी. तिच्या आत विटेएवढी मॉड्यूल असतात आणि त्या मॉड्यूलमध्ये स्विच. स्विच म्हटलं तरी त्यात खटका नसतो, हलणारं काहीच नसतं. सिलिकॉनचा नखाएवढा तुकडा सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो आणि अख्ख्या मोटरचा करंट त्यातून जातो. करंट मर्यादेबाहेर गेला की तो तुकडा जळतो. म्हणून त्याच्यावर पहारा ठेवायला एक कार्ड लागतं. करंट वाढलेला दिसला की कार्डाने स्विच ताबडतोब बंद करायचा. आमचं कार्ड सरांनी स्वतः तयार केलं होतं. ते पहारा नीट देत होतं, वेळेवर बंदही करत होतं, आणि तरीही मॉड्यूल फुटत होती.

आमचे ड्राइव्ह बहुतेक जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांत जायचे. घाटंजीच्या रस्त्यावर एक जुनी जिनिंग होती. तिथे पत्र्याच्या जाड पाइपातून कापूस ओढून रेच्यांपर्यंत, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रांपर्यंत नेणारा मोठा पंखा आमच्या ड्राइव्हवर चालायचा. त्याच जिनिंगमध्ये माझी माय कामाला होती.

माय कापसाच्या ढिगाशी बसायची. पालापाचोळा, कवडी म्हणजे किडका कापूस, दोऱ्या वेचून बाजूला काढायची आणि चांगला कापूस पाइपाच्या तोंडाशी लोटायची. हंगामात ती संध्याकाळी घरी आली की केस, भुवया, पापण्या सगळं पांढरं असायचं. पदराने तोंड पुसेपर्यंत ती मला माझ्या आजीसारखी दिसे. बाबा शेड उभारणाऱ्या टोळीबरोबर गावोगाव फिरायचे, महिना महिना घरी नसायचे. आमचे आजोबा बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या पिढीतले. पोरांनी शिकायचं, हा त्यांचा हट्ट मायने सासरी आल्यावर स्वतःचा करून घेतला होता. मी जिनिंगमध्ये ड्राइव्ह दुरुस्त करायला पहिल्यांदा गेले तेव्हा तिने सगळ्या बायांना हाका मारून दाखवलं, "थे पाय, माही पोट्टी. पंख्याची डाक्टर."

ती वर्षं कापसाची फार वाईट होती. आमच्या भागात भीती हवेतच असायची. सकाळी सकाळी कोणाच्या दाराशी माणसं जमलेली दिसली की जीपमधली बोलणी आपोआप बंद व्हायची. कोणी विचारायचं नाही, कोणी सांगायचं नाही. सूतगिरण्या बंद पडत होत्या, जिनिंगही एकेक करून कुलूप लावत होत्या. जी चालू होती तिच्या फाटकाबाहेर कापसाने भरलेल्या बैलबंड्यांची रांग लागायची. लोक दोन दोन दिवस बंडीखाली झोपायचे. त्यामुळे पंखा थांबला की शेठपासून हमालापर्यंत सगळ्यांचा चेहरा उतरायचा. थांबलेली जिनिंग पुन्हा सुरू होईलच याची खात्री त्या काळात कोणालाच नव्हती.

आणि आमचा पंखा थांबत होता. त्या हंगामात त्याचं मॉड्यूल वरचेवर फुटायला लागलं. आम्ही जायचो, नवीन बसवायचो, पंखा चालायचा, काही दिवसांनी पुन्हा फोन.

सरांचं मत पक्कं होतं. ते म्हणायचे, "आपलं कार्ड कमी पडतंय. आणखी जलद बंद करायला हवं." म्हणून त्यांनी कार्डातला एक रेझिस्टर बदलला आणि स्विच पूर्वीपेक्षा झटकन बंद होईल असं केलं. ते मला पटलं होतं. आगीतून हात काढायचा तर लवकरच काढायचा, यात विचार करण्यासारखं काय होतं? ते बदललेलं कार्ड घेऊन आम्ही जिनिंगमध्ये गेलो.

दुपारची वेळ. ड्राइव्हचं कपाट, पॅनेल, जिथे होतं ती खोली म्हणजे कापसाच्या शेडला लागून असलेलं पत्र्याचं खोपटं. आत इतकं तापायचं की पॅनेलचं दार कोणी बंद ठेवायचं नाही, खोलीचंही नाही. जमिनीवर, तारांवर, खिडकीच्या गजांवर कापसाच्या रूची पांढरी साय बसलेली. जिनिंगचा इलेक्ट्रिशियन, माझ्याहून बराच मोठा, त्याला मी भाऊ म्हणायचे. त्याने विचारलं, "चालू करू का ताई?"

माझा पाय आपोआप मागे सरकला. वर्कशॉपमधल्या त्या दिवसापासून मी चालू करताना पॅनेलसमोर उभी राहूच शकत नव्हते. मी दाराबाहेर गेले आणि मान हलवली.

पंखा घुमायला लागला. आवाज चढत चढत गेला, पाइपातून कापूस सरसरायला लागला. सर माझ्याकडे बघून हसले. मी परत आत पाय टाकणार, तेवढ्यात तो आवाज झाला.

पांढरा उजेड दिसला आणि पॅनेलच्या उघड्या दारातून लालभडक ठिणग्या जमिनीवर सांडल्या. मला वाटलं, विझतील. कापूस पेटलेला मी पाहिला होता, धुमसत पेटतो. पण रूची ती पातळ साय पेटली ती धावतच सुटली. निळसर ज्योत जमिनीवरून उंबऱ्याकडे आली, उंबरा ओलांडला, माझ्या पायांमधून गेली आणि शेडमध्ये शिरली. हे सगळं मी "सर" म्हणून ओरडायच्या आत झालं.

शेडमध्ये माय होती.

मी आत पळाले. धूर अजून जास्त नव्हता पण बाया सैरावैरा पळत होत्या, एकमेकींना धक्के देत. डोक्याला बांधलेली फडकी, पांढरे झालेले चेहरे, सगळ्या सारख्याच दिसत होत्या. मी एकीचा दंड धरून तिला वळवलं, ती दुसरीच कोणी. दुसरीला धरलं, तीही नाही. मायच्या बसायच्या जागेवर तिचा पाण्याचा डबा तेवढा होता. ढिगाची एक कड पेटली होती. मी त्या ढिगाकडे बघत राहिले. ती त्याच्याखाली असेल असं माझ्या मनात का आलं ते माहीत नाही, पण आलं. मी हाताने कापूस उपसायला लागले. "माय! माय वं!" एवढंच तोंडातून निघत होतं.

बाहेर यार्डात बैल हंबरत होते. लोक बंड्या सोडून बैलांना ओढत रस्त्याकडे नेत होते. एक बंडी उलटली, तिच्यातला कापूस वाऱ्याने फाटकाकडे पसरला. कोणीतरी टँकर, टँकर म्हणून ओरडत होतं.

मागून माझ्या पाठीत जोरात धपाटा बसला. वळले तर माय. नखशिखांत भिजलेली, हातात ओलं पोतं. हौदाकडून आली होती.

"तू काहून आली अंदर? जाय भाइर! जळशीन न!"

"तू कुठं होती?"

"पोतं भिजवाले गेलती. जाय म्हणते न!"

ती मला ढकलून पुढे गेली आणि पोत्याने ढिगाची कड झोडपायला लागली. तिच्याबरोबर आणखी चारपाच बाया होत्या. हमालांनी न पेटलेला कापूस फावड्यांनी मागे ओढला, भाऊने वाळूच्या बादल्या रिकाम्या केल्या, टँकर आला. ढिगाची एक बाजू गेली, पत्रे काळे झाले. जीव कोणाचा गेला नाही. एका बाईचे दोन्ही तळहात भाजले, ती मायच्या शेजारी बसणारी, आमच्याच गल्लीतली. हात पाण्यात बुडवून ती बसली होती, रडत नव्हती. नुसती थरथरत होती. 

सर यार्डात एका पालथ्या टोपलीवर बसले होते. चष्म्यावर काजळी होती, ती त्यांनी पुसलीही नव्हती. मी जवळ गेल्यावर म्हणाले, "आत बाया होत्या. मला आतमध्ये बाया असतात हे माहीत होतं. तरी मी आज चालू करू दिलं."



संध्याकाळपर्यंत भाऊने खरं कारण शोधलं. पंख्याच्या मोटरकडे जाणारी केबल जमिनीतल्या नालीतून जात होती. नालीवरची फरशी फुटली होती आणि वरून भरलेल्या बंड्यांची चाकं जायची. केबलवरचं रबर फाटून आतल्या तारा उघड्या झाल्या होत्या. पंखा भरात आला, जमीन थरथरली की त्या एकमेकींना टेकायच्या. शॉर्ट. भाऊने तेवढा तुकडा बदलला. शेठ म्हणाले, "झालं मग. रोग सापडला."

सर म्हणाले, "शॉर्ट झाला तरी ड्राइव्ह फुटायला नको. तो शांतपणे बंद व्हायला हवा. उद्या दुसरीकडे केबल फाटली तर?"

"तुमचं होईल तेव्हा होईल," शेठ म्हणाले. "भाइर बंड्या उभ्या हायेत. त्याइले काय सांगू?"

गावातलं व्होल्टेज इतकं कमी असायचं की साध्या स्टार्टरवर तो पंखा उचलायचाच नाही. म्हणून शेठनी गाठी बांधणाऱ्या प्रेसकडे कापूस नेणाऱ्या पट्ट्यावरचा आमचाच दुसरा ड्राइव्ह काढायला लावला आणि पंख्याला जोडून घेतला. त्यातही तेच कार्ड होतं. सरांनी परोपरीने सांगितलं, पण जिनिंग तिसऱ्या दिवशी सुरू झाली.

मी मायला म्हटलं, "तू जाऊ नको. आम्ही कार्ड नीट करेपर्यंत तरी नको जाऊ."

ती चुलीपाशी भाकरी थापत होती. "मी नाई गेली तं माह्या जागेवर दुसरी बसन. तिलेबी पोरंबाळं हायेतच न."

"मला भीती वाटते, माय."

"मले का वाटत नाई?" ती म्हणाली. भाकरी तव्यावर टाकली, हात झटकले. "मशीन तुमची हाय. तुमीच सुदरवा. मी पाइपाच्या तोंडाशी नाई बसत, दरवाज्याकडं बसतो. झालं?"

'मशीन तुमची' हे तिने रागाने म्हटलं नव्हतं. पण त्यानंतरचे दिवस मी जीपमध्ये बसले की ते दोन शब्द माझ्याबरोबर असायचे. वर्कशॉपचा फोन वाजला की माझं हातातलं काम थांबायचं. सर उचलायचे आणि आधी माझ्याकडे बघून हातानेच नाही म्हणायचे, जिनिंगचा नाही. मग मी पुन्हा कामाला लागायचे.

सर खचले होते. दोन दिवस त्यांनी कामाला हात लावला नाही. "मी हे बंद करतो," म्हणाले. "रेडिओ, टीव्ही दुरुस्त करू. त्याने कोणी मरत नाही." मी म्हटलं, "सर, तो ड्राइव्ह तिथे चालू आहे. आपण बंद केलं तरी तो चालूच राहणार."  त्यांनी उठून स्कोपवरचं, करंट-व्होल्टेजच्या रेघा पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावरचं फडकं काढलं.

आम्ही ठरवलं की मुद्दाम शॉर्ट करायचा आणि स्विच बंद होताना नेमकं काय होतं ते पडद्यावर बघायचं. व्होल्टेज निम्मं ठेवायचं, म्हणजे फुटणार नाही. सर म्हणाले फुटणार नाही, पण मॉड्यूलवर त्यांनी स्वतःच घमेलं पालथं घातलं आणि घमेल्यावर वाळूचं पोतं ठेवलं. बटणाला लांब वायर जोडून मी बाहेरच्या ओट्यावर गेले. स्कोपही दाराशी ओढून घेतला. बटण दाबायचं काम माझ्याकडे होतं. माझा अंगठा घामाने निसटत होता. डोळे मिटले आणि दाबलं.

टक. एवढंच.

डोळे उघडले तर सर पडद्याकडे बघत होते. करंटची रेघ सुळकन वर गेली होती आणि कार्डाने स्विच बंद केला तिथे तशीच सुळकन खाली आली होती. कार्डाने काम चोख केलं होतं. पण त्याच जागी व्होल्टेजच्या रेघेला एक उंच सुळका होता. आम्ही तीनशे व्होल्ट दिले होते आणि तो सुळका सातशेच्या वर गेला होता.

"सर, हा कुठून आला?"

 ते हळू आवाजात म्हणाले, "मी आणला. मी रेझिस्टर कमी केला ना."

त्यांनी मला समजावून सांगितलं, सांगता सांगता स्वतःलाही. तारेतून मोठा करंट वाहत असला की तो एकदम थांबत नाही. थांबवला तर तार स्वतःच्या जोराने व्होल्टेज वर फेकते. जितक्या झटक्यात थांबवाल तितकं जास्त. नेहमीच्या करंटला ते सोसतं, पण शॉर्टमध्ये करंट कितीतरी पट असतो. जिनिंगमध्ये पूर्ण सहाशे व्होल्ट, म्हणजे हा सुळकाही दुप्पट, चौदाशेच्या वर. मॉड्यूलची ताकद बाराशेपर्यंतची. म्हणजे करंटने ते मरत नव्हतं, आम्ही त्याला वाचवायला बंद करत होतो तेव्हा मरत होतं. आणि जितकं घाईने वाचवायला गेलो तितकं जोरात फुटलं.

मला घाटंजीच्या घाटात उतारावर भरलेली बंडी दिसली. चाकाखाली एकदम दगड टाकला तर बंडी थांबत नाही, उलटते. सरांना मी ते सांगितलं. ते म्हणाले, "हो. पण दगड टाकायला उशीर केला तर बैलांच्या अंगावर जाते. आपल्याला दोन्ही सांभाळायचंय."

तेच अवघड होतं. शॉर्टमध्ये तो सिलिकॉनचा तुकडा सेकंदाच्या लाखाव्या भागाएवढाच तग धरतो. त्याहून उशीर झाला तर उष्णतेने जळणार, त्याच्या आत घाई केली तर व्होल्टेजने फाटणार. आधी आम्ही सरळ मोठा रेझिस्टर टाकून पाहिला, म्हणजे सावकाश बंद होईल. व्होल्टेज पूर्ण ठेवलं. मी ओट्यावरून बटण दाबलं आणि आतून तोच आवाज आला. घमेलं पोत्यासकट उडून दाराच्या चौकटीला लागलं. मी ओट्यावरून खाली उडी मारली ती थेट रस्त्यापर्यंत पळाले. पानटपरीवाला विचारत होता काय झालं.

सर बाहेर आले, माझ्याशेजारी रस्त्याच्या कडेला बसले.  पानटपरीवरून दोन चहा आले. "या वेळी उष्णतेने गेलं," ते म्हणाले. "उशीर झाला." नंतर म्हणाले, "तू उद्यापासून बटण दाबू नकोस. मी दाबतो."

"मग पडदा कोण बघणार?" मी म्हटलं. मला खरं तर हो म्हणायचं होतं.

शेवटी उपाय निघाला तो दोन पायऱ्यांचा. शॉर्ट दिसला की स्विच लगेच पूर्ण बंद करायचाच नाही. त्याला चालू ठेवणारं गेटचं व्होल्टेज आधी निम्म्यावर आणायचं. तसं केलं की स्विच स्वतःच करंट आवळून धरतो, वाढू देत नाही. तिथे क्षणभर थांबायचं, मग उरलेलं सावकाश बंद करायचं. त्याबरोबर सरांनी मॉड्यूलकडे येणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या आखूड केल्या आणि अगदी त्याच्या पायाशी सुळका शोषून घेणारा एक कपॅसिटर बसवला. नेहमीचं चालू-बंद पूर्वीसारखंच जलद, फक्त संकटात हळू. कार्डावर हे सगळं बसवायला आम्हाला बरेच दिवस लागले. त्या काळात जिनिंगमधून एकदा फोन आला होता. सरांनी ऐकून घेतलं, खाली ठेवला, म्हणाले, "फ्यूज गेलाय पट्ट्याचा. बाकी काही नाही." तोपर्यंत मी माझी पिशवी उचलून दारात पोचले होते.

नवीन कार्डाने वर्कशॉपमध्ये शॉर्टमागून शॉर्ट सोसले. सुळका होता, पण बुटका. घमेलं जागेवरच राहिलं. तरी माझं समाधान होईना. जिनिंगची केबल लांबलचक, तिथल्या तारा वेगळ्या. मी सरांना म्हटलं, तिथेच करून बघू. माय आत असताना तिथला पहिला शॉर्ट नको व्हायला. त्यांनी विचारलं, "तुला जमेल?" मी म्हटलं, "नाही. पण करू."

बाजाराच्या दिवशी जिनिंग बंद असायची. त्या दुपारी आम्ही गेलो. भाऊने खोपटं झाडून काढलं, जमिनीवर पाणी मारलं, वाळूच्या बादल्या भरून ठेवल्या. मोटरच्या टोकाशी दोन तारा मुद्दाम एकत्र येतील अशी सोय केली. पॅनेलची दारं या वेळी घट्ट लावली. मी बटणाची वायर यार्डात लांबवर आणली. शेड रिकामी होती पण ढिगारे होते, पांढरे, छपरापर्यंत. त्यांच्याकडे न बघायचं ठरवूनही नजर तिकडेच जात होती.

तेवढ्यात फाटकातून माय आली, बाजाराची पिशवी घेऊन. भाजीतून शेपूची जुडी बाहेर आलेली.

"तू कायले आली?" मी ओरडलेच.

"पायते मी. काय करून राह्यले तुमी थे."

"माय, घरी जाय. हात जोडतो."

"रोज अंदर बसतो मी," ती म्हणाली. "आज भाइर उभी हावो. आज कायचं भेव?"

ती हलली नाही. पिशवी खाली ठेवून माझ्यापासून चार हातांवर उभी राहिली. सर पॅनेलच्या खोपट्याबाहेर स्कोपशी होते. त्यांनी हात वर केला. भाऊने पंखा चालू केला, आवाज चढला.  मला डोळे मिटायचे नव्हते. मायकडे बघायचं होतं, म्हणजे काही झालं तर तिच्याकडे धावता येईल. तिच्याकडे बघतच मी बटण दाबलं.

आवाज झाला नाही. पंख्याचा सूर उतरत उतरत गेला, पाइपातली सरसर थांबली, मग पातं फिरल्याचा घरघराट, मग तोही नाही. इतकी शांतता झाली की बाजारातला भोंगा ऐकू यायला लागला. पॅनेलवर लाल दिवा लागला होता.

"झालं?" माय म्हणाली.

सर पडद्यावर वाकले होते. वळून म्हणाले, "पुन्हा."

आम्ही ते पुन्हा केलं, आणि पुन्हा. दर वेळी माझी छाती तशीच धडधडत होती, एकदाही कमी झाली नाही. शेवटी सरांनी वीज तोडली, सगळे कपॅसिटर रिकामे झाल्याची खात्री केली, आणि मॉड्यूलवर तळहात ठेवला. मला जवळ बोलावून माझाही ठेवायला लावला. कोमट होतं. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला त्यांनी भाऊकडे पाना मागितला, ज्याची काहीच गरज नव्हती.

त्या आठवड्यात आम्ही त्या जिनिंगमधले सगळे ड्राइव्ह बदलले. मग दारव्ह्याकडच्या जिनिंगमधले. हात भाजलेली ती बाई हंगाम संपता संपता परत कामावर आली. तिची बोटं नीट मिटत नव्हती, म्हणून बाकीच्यांनी तिला कवडी वेचायचं सोडून झाडू दिला होता. ती भेटली की मी तिच्या हातांकडे बघायचं टाळायचे, आणि ती नेमके हात पुढे करून माझ्या गालांवरून फिरवायची.

पुढच्या हंगामात एकदा मी दुपारी मायचा विसरलेला डबा द्यायला जिनिंगमध्ये गेले होते. त्या दिवशी मला सुट्टी होती. सगळ्या बाया काम करत होत्या, मी ढिगाच्या कडेला मायजवळ टेकले होते. अचानक पंख्याचा आवाज उतरायला लागला. कोणाचं लक्षही गेलं नाही. मी मात्र उठले, मायचं मनगट धरलं आणि तिला अक्षरशः फरफटत दरवाज्यातून यार्डात आणलं. तिची एक चप्पल आतच राहिली. बाया हसायला लागल्या.

"अवं, सोड न! काय झालं?" माय म्हणत होती.

 मी पॅनेलच्या खोपट्याकडे बघत होते, आवाजाची वाट बघत. दारातून भाऊ बाहेर आला, हात हलवत. "ट्रिप झाला ताई, ट्रिप! लाल बत्ती लागली. केबलच हाय पुन्हा, दुसऱ्या जागी." आणि आत जाऊन तो शांतपणे नालीवरची फरशी उचलायला लागला.

म्हणजे खराखुरा शॉर्ट झाला होता. काही फुटलं नव्हतं, ठिणगी पडली नव्हती, शेडमध्ये कोणाला कळलंही नव्हतं. मी तिथेच मातीत बसले आणि रडले. माय माझ्याजवळ उकिडवी बसली. तिने पदराने माझं तोंड पुसलं, त्याने माझ्या गालांना रू चिकटली.

"लय भेते वं तू," ती म्हणाली. "येवढी शिकली तरी."

भाऊने तासाभरात केबल जोडली. बाया आत जायला लागल्या. मायने चप्पल शोधून पायात घातली आणि तीही निघाली. मी तिला अडवलं नाही. पंखा चढत गेला, भरात आला, तसाच चालू राहिला. रस्त्यावर घाटंजीची जीप थांबली, ड्रायव्हरने हॉर्न दिला, मी हातानेच नाही म्हटलं. तिच्यानंतर आणखी एक आली, तीही जाऊ दिली. जिनिंग सुटेपर्यंत मी यार्डात बसून तो आवाज ऐकत होते.